रविवारच्या प्रवचनासाठी तीन वाचनांतून नेमका विषय कसा निवडायचा?

नवा_डिकन

नमस्कार सगळ्यांना. डिकनपदाची (कॅथलिक चर्चमधलं धर्मगुरूच्या खालचं पद) दीक्षा होऊन मला चार महिने झाले आणि आता महिन्यातले दोन रविवार प्रवचन माझ्याकडे असतं. बोलायची भीती वाटत नाही, माझी अडचण त्याच्या आधीची आहे. विषयच ठरत नाही. सोमवारी त्या रविवारची बायबलमधली ठरलेली वाचनं काढून बसतो, मंगळवारपर्यंत वहीची दोन पानं भरतात, गुरुवारी अजून एकदोन कॉमेंटरी वाचून त्यात भर पडते आणि शनिवारी संध्याकाळी माझ्यासमोर अकरा पॉइंट असतात आणि त्यातला एकही टाकवत नाही, कारण प्रत्येक खरा आहे, प्रत्येक महत्त्वाचा आहे असंच वाटत राहतं.

मागच्या वेळी मी तीनही वाचनं आणि स्तोत्र असं सगळंच घेतलं. सतरा मिनिटं झाली. कोणी काही म्हणालं नाही, सगळे प्रेमळ आहेत, पण मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) झाल्यावर मी एका ओळखीच्या काकांना सरळ विचारलं की काय लक्षात राहिलं, तर ते जरा थांबले आणि म्हणाले, "बायबलबद्दल छान सांगितलंत." मला ते फार लागलं. पाच दिवस मी त्याच्यावर बसलो होतो आणि काका घरी न्यायला हातात काहीच न घेता निघाले.

आता 20 सप्टेंबर माझ्याकडे आहे, सामान्य काळाचा (मोठ्या सणांच्या काळाबाहेरचा) पंचविसावा रविवार, वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं अ वर्ष. पहिलं वाचन यशया 55, "माझे विचार तुमचे विचार नाहीत" ते. दुसरं फिलिप्पैकरांस पत्राचा पहिला अध्याय, जिथे पौल म्हणतो मला जगणं म्हणजे ख्रिस्त आणि मरणं म्हणजे लाभ. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, मत्तय 20, द्राक्षमळ्यातले कामकरी, शेवटच्या तासाला आलेल्यांनाही सकाळपासून राबलेल्यांइतकीच मजुरी मिळते तो दाखला. म्हणजे यात कृपा आहे, मत्सर आहे, मजुरीचा न्याय आहे, मरणाची भीती आहे, पश्चात्ताप आहे. कुठून धरू?

अजून एक, वाचनं बाजूला ठेवून वेगळ्याच विषयावर बोललेलं चालतं का? एक जण मागे लागलेत की लोक मिस्सेला उशिरा येतात त्याच्यावर बोला, दुसरे म्हणतात तरुण मुलं आणि मोबाइल घ्या. दोघांनाही दुखवायचं नाहीये.

संध्याकाळची_प्रार्थना

डिकन, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते सोपं आहे. मिस्साग्रंथाची जी सर्वसाधारण मार्गदर्शिका असते तिचा 65वा परिच्छेद काढा. तिथे म्हटलंय की प्रवचन म्हणजे त्या दिवसाच्या वाचनांतली एखादी बाजू उलगडून सांगणं, किंवा त्या दिवसाच्या मिस्सेतला दुसरा एखादा मजकूर उलगडणं, आणि हे करताना जे रहस्य साजरं होतंय ते आणि ऐकणाऱ्यांची गरज दोन्ही ध्यानात ठेवायचं. "एखादी बाजू." हे दोन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सगळ्या बाजू सांगा असं तुम्हाला कोणी सांगितलेलंच नाही.

आणि "दुसरा एखादा मजकूर" म्हणजे तुम्ही समजता त्यापेक्षा दार मोठं आहे. सुरुवातीची प्रार्थना, प्रिफेस (मुख्य प्रार्थनेच्या आधीची स्तुती), हे आमच्या स्वर्गीय पित्या, कम्युनियनच्या (प्रभुभोजनाच्या) आधी आपण सगळे म्हणतो ते शताधिपतीचं, म्हणजे रोमी लष्करी अधिकाऱ्याचं, वाक्य की प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही, यातल्या कशावरही तुम्ही बोलू शकता. मी एकदा फक्त त्या छपरावर बोललो होतो, लोकांनी ते वाक्य हजारदा तोंडाने म्हटलेलं असतं आणि ते कोणाचं आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

पण उशिरा येणं आणि मोबाइल या दारातून आत येत नाहीत. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचं जे संविधान काढलं त्यात प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे असं स्पष्ट म्हटलंय, आणि रविवारी ते गंभीर कारणाशिवाय गाळायचं नाही असंही. प्रवचनाच्या पोटात सूचना घालायच्या नाहीत. त्या दोघा सद्गृहस्थांना प्रेमाने सांगा की कम्युनियननंतरची प्रार्थना झाली की सूचनांची वेळ असते, तिथे एका वाक्यात हे होऊन जाईल.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही तीनही वाचनांना एका दोरीत ओवायला बघताय आणि दोरी तुटतेय, त्यात तुमचा दोष नाही कारण लेक्शनरीने (ठरलेल्या वाचनांच्या ग्रंथाने) ती तशी ओवलेलीच नाहीत. सामान्य काळात शुभवर्तमान सलग पुढे सरकत असतं, अ वर्षात मत्तय, ब मध्ये मार्क, क मध्ये लूक. जुन्या करारातलं पहिलं वाचन त्या शुभवर्तमानाला धरून निवडलेलं असतं. दुसरं वाचन मात्र आपल्या वेगळ्या रुळावरून चाललेलं असतं, फिलिप्पैकरांस पत्र याच रविवारी सुरू होतंय आणि एकूण चार रविवार चालणार आहे, त्याचं द्राक्षमळ्याशी नातं लावायला गेलात तर तुमची अख्खी शुक्रवारची रात्र जाईल आणि लोकांना ते ओढूनताणून जोडलेलं कळतंच. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तिन्हींचा सूर बराच जुळवलेला असतो. म्हणजे या आठवड्यात तुमच्या अकरातले मरणाबद्दलचे जे काय दोनतीन पॉइंट असतील ते मनात काही न आणता बाजूला ठेवा.

मग यशया आणि मत्तय उरतात. आता कॉमेंटरी बंद करा. शुभवर्तमान मोठ्याने वाचा, अँबोवरून (देवळातल्या वाचनाच्या मंचावरून) वाचाल तसं, दिवसातून एकदा, रोज. आणि तुम्ही जिथे अडखळता ती जागा शोधा. जिथे छान वाटतं ती जागा नव्हे, जिथे मनात "असं का?" येतं ती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2010 च्या प्रेषितीय पत्रात प्रवचनकाराला तीन प्रश्न दिलेत: ही वाचनं काय म्हणतात, मला स्वतःला काय म्हणतात, आणि मी या लोकांना त्यांच्या आजच्या परिस्थितीत काय सांगू. आपण बहुतेक जण पहिल्या प्रश्नावरून उडी मारून तिसऱ्यावर जातो. मधला राहून गेला की प्रवचन माहितीचं होतं किंवा उपदेशाचं होतं. तुमच्या काकांनी "बायबलबद्दल" म्हटलं ते मला वाटतं यामुळेच.

एक खूण देतो, घ्यायची तर घ्या. हा दाखला का सांगितला गेला ते आदल्या अध्यायाच्या शेवटी आहे आणि रविवारच्या वाचनात ते येत नाही. मत्तय 19:27 मध्ये येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? त्याला हे उत्तर आहे. मी दीक्षेनंतर बारा वर्षांनी हे नीट वाचलं आणि मला ते माझंच वाक्य वाटलं.

बुधवारची_मिस्सा

मी पण डिकन आहे, तुझ्यापेक्षा सहा वर्षं जुना, म्हणून अरेतुरे करतो. फादरांनी वरती जे लिहिलंय त्यात मी फक्त हातातलं काम सांगतो.

गुरुवारी रात्री मी अख्खं प्रवचन एका वाक्यात लिहितो. एका. "आणि" आलं तर तोडतो, कारण "आणि"च्या पुढे दुसरं प्रवचन सुरू झालेलं असतं. मग त्या वाक्याचा कर्ता बघतो. शाळेत करायचो तसं, कर्ता कोण, क्रियापद काय. कर्ता "आपण" असेल आणि शेवटी "पाहिजे" असेल तर मी ते वाक्य खोडतो. "आपण मत्सर सोडला पाहिजे." खरं आहे, पण हे ऐकायला कोणाला देवळात यायची गरज नाही, आई घरी सांगतेच. कर्ता देव झाला की वाक्य बदलतं, देव काहीतरी करतोय, आत्ता करतोय, आणि मग आपण काय करायचं ते बहुतेक वेळा सांगावंच लागत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या कागदांवर मी नंतर "पाहिजे" मोजले होते, एका पानावर चौदा निघाले.

उरलेले दहा पॉइंट टाकवत नाहीत म्हणतोस ना, टाकू नको. वेगळी वही कर आणि त्यात रविवारचं नाव लिहून ठेव. हीच वाचनं 2029 मध्ये परत येणार आहेत, तीन वर्षांचं चक्र त्यासाठीच आहे. मला हे समजलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, म्हणजे द्राक्षमळ्याबद्दल जे जे खरं आहे ते सगळं आजच सांगून संपवायचं नाहीये. आठवड्याच्या मिस्सेला पहिल्या वाचनाचं दोन वर्षांचं चक्र असतं, सम आणि विषम साल, तिथेही माझी वही चालते आणि बुधवारी सकाळी समोर पंधरा माणसं असतात तेव्हा एकच गोष्ट तीन मिनिटांत सांगायची सवय होते. तुला आठवड्याच्या मिस्सेला बोलायला देत असतील तर जरूर घे, रविवारचा विषय निवडायची खरी तालीम तिथे होते.

वेळेचं म्हणशील तर पोप फ्रान्सिस आधी दहा मिनिटांच्या आत म्हणायचे आणि जून 2024 मध्ये तर आठ मिनिटांवर आले होते, त्यापुढे लोकांचं लक्ष राहत नाही म्हणून. आठ मिनिटांत अकरा पॉइंट म्हणजे एकाला पाऊण मिनिट सुद्धा नाही.

मागचा_बाक

मी धर्मगुरू नाही, डिकन नाही, मी ऐकणारी आहे. चाळीसएक वर्षं दर रविवारी ऐकतेय म्हणजे दोन हजारांच्या आसपास प्रवचनं झाली असतील. त्यातली मला पाच आठवतात. पाचही वेळा असं झालं होतं की बोलणाऱ्याला माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं आणि तरी तो माझ्याशीच बोलत होता.

तुम्ही द्राक्षमळा घेताय म्हणून लिहिते. हा दाखला मी दर तीन वर्षांनी ऐकलाय आणि दर वेळी त्यावर मत्सराचंच प्रवचन ऐकलंय, की बघा सकाळपासून राबणारे कसे कुरकुर करतात, तुम्ही तसे होऊ नका. बरोबरच आहे ते. पण माझा मुलगा दोन वर्षं घरी बसून होता. शिकलेला, धडधाकट, रोज सकाळी आंघोळ करून तयार होऊन बसायचा. त्या काळात तो माझ्याबरोबर मिस्सेला आला होता आणि हेच शुभवर्तमान वाचलं गेलं. धनी विचारतो तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे आहात आणि ते म्हणतात, कारण आम्हाला कोणी कामावर घेतलं नाही. माझ्या शेजारी माझा मुलगा एकदम ताठ झाला, मला त्याच्या खांद्यावरून कळलं. आणि मग प्रवचन सुरू झालं आणि पुन्हा मत्सर. मी वाट बघत होते की कोणीतरी त्या वाक्यापाशी थांबेल. ते आळशी नव्हते ना? त्यांना कोणी घेतलंच नव्हतं.

त्या दिवशी देवळात कुरकुर करणारे किती बसले होते मला माहीत नाही, पण दिवसभर उभं राहिलेला एक तर नक्की होता.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते, विषय निवडताना दाखल्यातली माणसं एकेक करून बघा आणि विचारा की हा माणूस माझ्या देवळात कोणत्या बाकावर बसतो. बहुतेक वेळा ज्याच्याबद्दल नेहमी बोललं जात नाही तोच मागे बसलेला असतो. आणि उशिरा येणाऱ्यांबद्दल बोलू नका हो, जे उशिरा येतात ते ऐकायला नसतात आणि जे वेळेवर आलेत त्यांना तुम्ही उगीच ऐकवता.

शेजारधर्म

मला थोडं वेगळं म्हणायचंय. वाचनं, वाचनं सगळं ठीक, पण कधीकधी असं वाटतं की वाचनांच्या आड लपायला सोयीचं पडतं. आठवडाभर सगळीकडे एकच विषय चालू असतो, कुठे दंगल, कुठे पूर, कोणाची तरी हत्या, घरोघरी लोक तेच बोलतायत, रडतायत, आणि रविवारी अँबोवरून असं काही ऐकायला येतं की जणू त्या आठवड्यात काही झालंच नाही. मग मुलं विचारतात की फादरना माहीत नव्हतं का. अशा वेळी वाचनं बाजूला ठेवून थेट बोलायला काय हरकत आहे? नियम माणसासाठी आहे ना.

संध्याकाळची_प्रार्थना

शेजारधर्म, तुमचा राग मला समजतो आणि त्यातला अर्धा मला मान्य आहे. असा रविवार येतो तेव्हा गप्प राहणं हे सुद्धा एक प्रवचनच असतं आणि ते वाईट प्रवचन असतं. पण बाजूला ठेवायचं हे मान्य नाही आणि का ते सांगतो.

387 साली रोमन साम्राज्यातल्या अंत्युखिया शहरात नवीन करावरून लोक भडकले आणि त्यांनी सम्राटाचे आणि त्याच्या घरच्यांचे पुतळे पाडले. मग शुद्ध आली आणि सगळं शहर भीतीने गारठलं की आता सम्राट शहरच उद्ध्वस्त करतो की काय. बिशप म्हातारे, ते दयेची याचना करायला राजधानीला निघून गेले आणि मागे लोकांसमोर उभा राहायला एक धर्मगुरू होता, योहान, ज्याला पुढे क्रिसोस्टोम म्हणजे सोन्याच्या मुखाचा म्हणायला लागले. प्रायश्चित्तकाळ होता. ती प्रवचनमाला आजही वाचायला मिळते. त्यात शहराची भीती आहे, तुरुंगात टाकलेली माणसं आहेत, ओस पडलेला बाजार आहे, काही म्हणजे काही लपवलेलं नाही, आणि तरी तो शास्त्र सोडत नाही. शास्त्र हातात धरूनच तो त्या भीतीच्या आत शिरतो. कारण त्या आठवड्यात लोकांना योहानचं मत नको होतं, मतं बाजारात पुष्कळ होती. देव आत्ता काय म्हणतोय ते हवं होतं.

पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या शुभवर्तमानाच्या आनंदाबद्दलच्या पत्रात म्हटलंय की प्रवचनकाराने लोकांकडेही कान लावायचा असतो आणि कोणी विचारलेलेच नाहीत अशा प्रश्नांची उत्तरं देत बसायचं नसतं. दोन कान लागतात, एक वचनाकडे आणि एक लोकांकडे, एकच लावला की माणूस तिरका चालतो. म्हणजे डिकन, शनिवारी रात्री काही घडलं तर लिहिलेला कागद बदलायची तयारी ठेवा, वाचनं बदलायची गरज नाही. मी पाहिलंय की वाचनं कुठल्याही आठवड्याला पुरतात, आपण नीट विचारलं तर.

(आणि मागचा_बाक ताईंचं जे लिहिणं आहे ते मी आज दोनदा वाचलं. मी या दाखल्यावर दहाबारा वेळा बोललो असेन. त्या वाक्यापाशी मी एकदाही थांबलेलो नाही.)

शेजारधर्म

मान्य. योहानचं मला माहीत नव्हतं. धन्यवाद फादर.

लेक्टर_दादा

मी वाचनं करतो, प्रवचन नाही, पण दोन गोष्टी सुचवतो. एक तर स्तोत्राला विसरू नका. त्या रविवारी स्तोत्र 145 आहे, जे कोणी त्याचा धावा करतात त्यांच्याजवळ परमेश्वर असतो, हे लोकांनी स्वतःच्या तोंडाने चारपाच वेळा म्हटलेलं असतं, त्यामुळे विषय निवडल्यावर तो कशाला टेकवायचा ते तिथे सापडतं. लोक तुमचं वाक्य विसरतील पण स्वतः गायलेली ओळ विसरत नाहीत.

दुसरं, दुसऱ्या शतकात, साधारण 155 च्या सुमारास, हुतात्मा जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लिखाण वेळ असेल तितकं वाचतात आणि वाचणारा थांबला की जो अध्यक्ष असतो तो या चांगल्या गोष्टींचं अनुकरण करा असं आवाहन करतो. मला त्यातलं "वाचणारा थांबला की" हे फार आवडतं. मी थांबलो की तुम्ही सुरू होता, म्हणजे तुम्ही माझ्याच वाक्याच्या पुढचं बोलताय. प्रवचन संपल्यावर थोडी शांतताही ठेवा, तीही मार्गदर्शिकेत आहे आणि बरेच जण लगेच विश्वासांगीकाराला उभे राहतात.

नवा_डिकन

सगळ्यांचे मनापासून आभार, मी तीन दिवस फक्त वाचत होतो आणि काही लिहिलं नाही कारण ताईंच्या उत्तरानंतर मला परत मत्तय 20 कडे जावं लागलं.

फादर, तुम्ही म्हणालात तसं रोज मोठ्याने वाचलं. पहिले दोन दिवस काहीच अडखळलं नाही. तिसऱ्या दिवशी एका भलत्याच जागी अडखळलो. आठव्या ओवीत मालक आपल्या कारभाऱ्याला सांगतो की मजुरांना बोलाव आणि मजुरी दे. म्हणजे त्याच्याकडे कारभारी आहे! मग माणसं आणायला तो स्वतः का जातोय? पहाटे जातो, मग तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे आपल्या हिशोबाने संध्याकाळी पाचला, पाच वेळा, दरवेळी स्वतः. काम संपायला तासभर उरलाय, त्या तासात कोणी किती द्राक्षं तोडणार. त्याला कामाची घाई असती तर सकाळीच पुरेशी माणसं घेतली असती. तो कामासाठी जात नाहीये. बाजारात अजून कोणी उभं आहे का ते बघायला जातोय.

मग पहिलं वाचन परत काढलं, तर यशया म्हणतो परमेश्वर सापडेल तोवर त्याला शोधा. आणि मत्तयमध्ये शोधायला तोच निघालाय. मला हे दोन्ही एकमेकांसमोर ठेवल्यावर अंगावर काटा आला.

बुधवारची_मिस्सा, हे माझं एक वाक्य: "देव संध्याकाळी पाचला पुन्हा बाजारात येतो." कर्ता देव आहे, "आणि" नाही, "पाहिजे" नाही.

मजुरीचा न्याय, मत्सर, मरण, पेत्राचा प्रश्न, सगळं दुसऱ्या वहीत गेलं. पेत्राचा प्रश्न ठेवताना जिवावर आलं फादर, पण तो ठेवला तर ते त्याचंच प्रवचन होईल आणि बाजारात उभी असलेली माणसं परत मागे पडतील. 2029 ला नक्की.

एकच शंका राहिलीय. सकाळपासून राबलेले जे आहेत त्यांना पूर्ण गाळू का? त्यांच्याबद्दल बोललो तर परत मत्सरावर घसरतो, नाही बोललो तर दाखला अर्धा राहतो असं वाटतं.

बुधवारची_मिस्सा

वाक्य पक्कं. त्याला आता हात लावू नको. सकाळवाल्यांना मी तरी गाळलं असतं.

मागचा_बाक

डिकन, तुम्ही माझ्या मुलाचं वाक्य ऐकलंत, देव तुमचं भलं करो.

पण सकाळवाल्यांना गाळू नका हो. मी स्वतः त्यातली आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, नऊ वर्षं मी केलं त्यांचं, आणि शेवटच्या महिन्यात नणंद आली आणि सगळे म्हणाले लेकीने किती केलं. दिवसभराचं ऊन सोसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, आणि तुमच्या देवळात माझ्यासारख्या बऱ्याच जणी असणार. आम्ही मत्सरी नाही, आम्ही दमलेल्या आहोत. आम्हाला रागावू नका. पण आम्ही दिसलोच नाही असंही करू नका, एक वाक्य आमचं असू दे.

संध्याकाळची_प्रार्थना

ताई बरोबर सांगतायत आणि ते एक वाक्य वाचनातच आहे. कुरकुर करणाऱ्याला मालक उत्तर देतो तेव्हा सुरुवात कशाने करतो बघा, 13वी ओवी. "मित्रा." तुझ्यावर मी अन्याय करत नाही, हे त्याच्या पुढचं. आधी मित्रा. मत्तयच्या शुभवर्तमानात हे संबोधन तीनदाच येतं, इथे, मग लग्नाचं वस्त्र न घालता आलेल्या पाहुण्याला, आणि बागेत येशूला धरून द्यायला आलेल्या यहुदाला. तिन्ही वेळा समोरचा माणूस चुकलेला आहे आणि तिन्ही वेळा बोलणारा आधी मित्रा म्हणतो.

यहुदाबद्दलचं तिथे बोलू नका, ते वहीत टाका. "मित्रा" एवढंच घ्या.

नवा_डिकन

घेतलं. बाजारात पाचला उभे असलेल्यांपाशी सुरू करतो, मालक स्वतः येतो तिथपर्यंत जातो आणि शेवटी तोच मालक मळ्याच्या फाटकाशी दमलेल्या माणसासमोर उभा आहे आणि त्याला मित्रा म्हणतोय, तिथे थांबतो. आत्ता खोलीत घड्याळ लावून मोठ्याने बोलून बघितलं, साडेसहा मिनिटं झाली. उरलेल्या वेळात लेक्टर_दादा म्हणाले तशी शांतता ठेवेन.